मदत हवी आहे: फिल्टर लावलेले मंदिराचे फोटो मोठ्या छपाईत बिघडत आहेत

पूर्णाकाठ
नमस्कार. औंढा नागनाथच्या मंदिराचे मी काढलेले काही फोटो आमच्या गावच्या वाचनालयात मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, लावायचे ठरले आहे. फोटोंना मोबाइलवरच तैलचित्रासारखा परिणाम देणारा फिल्टर लावला. पडद्यावर तो इतका सुरेख दिसतो की पाहणारा प्रत्येक जण हे चित्र कोणी रंगवले असे विचारतो. परंतु परभणीहून छापून आणलेल्या प्रतीत शिखराभोवती पांढरट कडा उमटली आहे, आकाशात पट्टे पडले आहेत आणि भिंतीवरच्या मूर्ती वितळल्यासारख्या दिसत आहेत. लॅबवाले म्हणतात की फाइलच तशी आहे. मला फाइलमध्ये काहीही दोष दिसत नाही. कोणती सेटिंग बदलावी, एवढेच सांगावे. नवा कॅमेरा घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये, तेवढा वेळही नाही आणि पैसेही नाहीत.

मांजराकाठचा
कोणते ॲप वापरले, मूळ फोटो किती पिक्सेलचा आहे, कोणत्या आकारात छापला आणि लॅबला तो कोणत्या मार्गाने पोहोचवला, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. एवढ्यावर सेटिंग सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

काळा_पाषाण
उपाय अगदी सोपा आहे: फिल्टर लावूच नका. ज्या कारागिरांनी मूर्तींच्या गळ्यातील हारांचा मणी न् मणी कोरला, त्यांच्या कामावर यंत्राने ब्रश फिरवून ते पुसून टाकण्यात कोणते सौंदर्य आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

पूर्णाकाठ
फिल्टर लावावा की लावू नये, हा माझा प्रश्न नाही. ॲप मोबाइलमध्ये असते ते साधे मोफतच आहे. छपाई बारा बाय अठरा इंचांची, चकचकीत कागदावर आहे. फोटो लॅबच्या नंबरवर पाठवला; सगळे तसेच पाठवतात.

मांजराकाठचा
नंबरवर पाठवला म्हणजे मेसेजिंग ॲपवरून, फोटो म्हणूनच, असे मी समजतो. मग निम्मा आजार इथेच आहे. अशी ॲप्स फोटो पाठवताना त्याची लांबी-रुंदी कमी करतात. लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. अठरा इंचांवर १६०० पिक्सेल पसरले म्हणजे इंचाला जेमतेम ८९ पडतात. हातात धरून पाहायच्या चांगल्या प्रतीसाठी ३०० मागतात, भिंतीवरच्या प्रतीला २०० सुद्धा चालतात, पण ८९ मध्ये मूर्तीचे नाक आणि डोळा एकमेकांत मिसळणारच. शिवाय जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची दाबलेली फाइल, पुन्हा दाबली जाताना ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटी करून प्रत्येक चौकटीतील बारीक तपशील सोडून दिला जातो, त्यामुळे आकाशासारख्या सपाट भागात पायऱ्या ठळक होतात. तोच फोटो त्याच ॲपवरून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फोटो मोबाइलमध्ये आहे ना?

पूर्णाकाठ
आहे. ४००० बाय ३००० दाखवतो. आता त्यालाच तोच फिल्टर लावून डॉक्युमेंट म्हणून पाठवले की काम झाले, असे समजू का?

रेशीमपदर
दादा, घाई करू नका, तेवढ्याने काम होणार नाही. मी पैठणला साड्यांच्या विक्रीसाठी घरीच फोटो काढते आणि त्यांवर प्रक्रिया करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तैलचित्राचा फिल्टर चित्र काढत नाही, तो मोजणी करतो. प्रत्येक बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येचा एक घेर घेऊन त्यातील कोणत्या उजेडपातळीचे बिंदू सर्वांत जास्त आहेत हे तो पाहतो आणि त्या बहुसंख्य बिंदूंचा सरासरी रंग मधल्या बिंदूला देऊन टाकतो. अल्पसंख्य बिंदूंची गणतीच होत नाही. पैठणीच्या पदरावरील मोराच्या डोळ्याची एक बारीक ओळ किंवा तुमच्या मूर्तीच्या बोटांमधली फट ही त्या घेरात नेहमी अल्पसंख्यच असते, म्हणून ती नाहीशी होते. यात लॅबचा संबंध नाही.

दुसरे असे की ही त्रिज्या पिक्सेलमध्ये असते, मिलिमीटरमध्ये नव्हे. १६०० पिक्सेलच्या फोटोवर त्रिज्या आठ ठेवली तर सुमारे सतरा पिक्सेल रुंदीचा फटकारा तयार होतो. मोबाइलच्या पंधरा सेंटिमीटर लांबीच्या पडद्यावर तो दीड मिलिमीटरचा दिसतो आणि डोळ्याला ब्रशचा नाजूक फटकारा वाटतो. तोच अठरा इंचांच्या कागदावर जवळजवळ पाच मिलिमीटरचा होतो आणि डोळ्याला डाग वाटतो. उलट, तीच आठची त्रिज्या ४००० पिक्सेलच्या मूळ फोटोवर ठेवली तर कागदावर फटकारा दोन मिलिमीटरच्या आसपास येईल. म्हणून आधी छपाईच्या मापाला फोटो कापावा, मग त्या मापावर फिल्टर लावावा आणि परिणाम पूर्ण पडद्यावर न पाहता मूर्तीचा चेहरा मोठा करून पाहावा. तुमच्या ॲपमध्ये त्रिज्या बदलता येते का?

पूर्णाकाठ
तीव्रता शून्य ते शंभर अशी एकच पट्टी आहे. मी शंभरवर ठेवली होती, कारण कमी ठेवल्यास काही फरकच दिसत नाही.

दौलताबादी
हे सर्व ठीक आहे, परंतु कोणीही एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंमध्ये तिपाई न्यायची असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते. वेरूळला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

मांजराकाठचा
दौलताबादी, माहिती योग्य आहे, पण प्रश्न औंढ्याचा आहे आणि फोटो काढून झालेले आहेत.

जुना_डार्करूमवाला
नांदेडला माझा अनेक वर्षे स्टुडिओ होता. शिखराभोवतीच्या पांढऱ्या कडेबद्दल कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. औंढ्याचे मंदिर फोटोसाठी मुळातच अवघड आहे. खालचा कोरीव भाग काळ्या दगडाचा आणि अहिल्याबाई होळकरांच्या काळात पुन्हा बांधलेला वरचा भाग पांढरा, त्यामागे उन्हाळ्याचे फटफटीत आभाळ. एवढा मोठा फरक मोबाइलच्या इवल्याशा सेन्सरला पेलत नाही. मग ॲप काय करते, तर तैलचित्राचा परिणाम देण्याआधी सावल्या उजळते, आभाळ दाबते आणि कडा धारदार करते. धार देण्याची ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही. आम्ही निगेटिव्हची मुद्दाम अस्पष्ट केलेली पॉझिटिव्ह प्रत बनवून ती निगेटिव्हला जोडत असू आणि दोन्ही मिळून प्रिंट काढत असू; त्याचेच नाव अनशार्प मास्क. ती अस्पष्ट प्रत जितकी जास्त पसरट, तितकी काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरची प्रभा रुंद होते. संगणकातही त्रिज्या वाढवली की नेमके हेच होते, म्हणून शिखराला देवाच्या तसबिरीसारखे वलय आले आहे. ‘एचडीआर’, ‘ड्रामा’, ‘स्ट्रक्चर’ अशा नावांचे जे काही सुरू असेल ते आधी बंद करा.

आणि एक विचारतो: काळ्या दगडावर जांभळट किंवा हिरवट डाग दिसतात का?

पूर्णाकाठ
होय, दिसतात! पायथ्याजवळ आहेत. मला वाटले शेवाळ असेल.

जुना_डार्करूमवाला
उन्हाळ्यात शेवाळ कसे असेल? सावली जबरदस्तीने उजळली की तिच्यात दडलेले रंगीत नॉइज, म्हणजे सेन्सरने उगाच टिपलेले रंगाचे ठिपके, वर येते. तैलचित्राचा फिल्टर त्या सुट्या ठिपक्यांना एकत्र करून त्यांचे डाग बनवतो. आधी रंगाचे नॉइज कमी करावे, मग कलात्मक फिल्टर लावावा. हा क्रम उलटा केला तर नॉइज कमी करणाऱ्या फिल्टरला तो डाग म्हणजे दगडाचाच रंग वाटतो आणि तो त्याला हात लावत नाही.

रेशीमपदर
काकांनी क्रम अगदी बरोबर सांगितला. मी तर म्हणेन की हे काम संगणकावर गिम्पमध्ये करावे. ते मोफत आहे, त्यात तैलचित्राचा फिल्टर ‘ऑइलिफाय’ या नावाने मिळतो, त्रिज्या हवी तेवढी ठेवता येते आणि मुख्य म्हणजे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, वापरता येतात. खाली मूळ फोटो, वर फिल्टर लावलेली प्रत आणि वरच्या प्रतीला मास्क, म्हणजे ती कुठे किती दिसावी हे ठरवणारा पडदा. मूर्तींच्या पट्टीवर मास्क करड्या रंगाने रंगवला की तिथे फिल्टर निम्माच दिसेल, चेहऱ्यांवर काळ्याने रंगवला की मुळीच दिसणार नाही, आणि आकाश व झाडे यांवर पूर्ण दिसेल. रंगवणारा चित्रकारसुद्धा चेहऱ्याला बारीक ब्रश आणि आभाळाला रुंद ब्रश वापरतो. सगळीकडे एकच फटकारा मारणारे यंत्रच असते.

कोरडवाहू
प्रत्येक प्रश्नाला संगणक हे उत्तर देण्याची येथे सवय झाली आहे. ज्या गावात दिवसा लोडशेडिंग असते तिथल्या माणसाने गिम्प कधी शिकायचे? स्नॅपसीडसारख्या मोफत मोबाइल ॲपमध्ये केलेला बदल नंतर उघडून ब्रशने हव्या त्या भागावरच ठेवता येतो. माझे सर्व काम त्यावरच होते आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

रेशीमपदर
मोबाइलवर मास्क होतो हे मान्य आहे. परंतु बोटाने मूर्तीचा चेहरा आणि मागचा कोनाडा यांतली सीमा रंगवून पाहा आणि मग अठरा इंचांवर छापून पाहा. तक्रार आली नाही याचे कारण आपली चित्रे कदाचित मोबाइलवरच पाहिली जात असतील.

कोरडवाहू
माझी चित्रे ग्रामपंचायतीच्या फ्लेक्सवर लागलेली आहेत.

मांजराकाठचा
फ्लेक्स वीस फुटांवरून पाहतात, वाचनालयातील चित्र दोन फुटांवरून. ही तुलना होऊ शकत नाही.

काळा_पाषाण
आपण सर्व जण चूक निस्तरण्याचे मार्ग शोधत आहात, पण मूळ मुद्दा तसाच आहे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातील मोठमोठ्या प्रती तयार केल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्या प्रतींची हळहळ आजही वाटते, कारण भिंतीवर जे होते ते त्यांत टिपलेले होते. गावातली मुले वाचनालयात औंढ्याचे चित्र पाहतील तेव्हा त्यांना कोरीवकाम दिसावे की ॲपचे फटकारे?

जुना_डार्करूमवाला
गिलसाहेबांनीही हातानेच रंगवले होते. प्रत्येक प्रतीत करणाऱ्याचा हात उतरतोच. आम्ही लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावरचा डाग शिसपेन्सिलीने निगेटिव्हवरच भरत होतो आणि त्याला कोणी खोटे म्हटले नाही. तरीही आपले एक म्हणणे मला पटते: फिल्टर लावलेल्या चित्राशेजारी मूळ फोटोही लावावा. निदान मूर्तीपट्टीचा तरी साधा फोटो असावा.

पूर्णाकाठ
कृपया वाद दुसरीकडे घालावा. भाच्याच्या लॅपटॉपवर गिम्पमध्ये मूळ फोटो घेतला, आधी नॉइज कमी केले, बारा बाय अठराला कापला, त्रिज्या सहा ठेवून ऑइलिफाय लावले आणि मूर्तींवर मास्क केला. लहान आकारात नमुना छापून आणला. कडा गेली, जांभळट डाग गेले, मूर्तींचे चेहरेही ओळखू येत आहेत. पण आकाशातील पट्टे अजून आहेत आणि कापल्यामुळे कळस अगदी काठाला टेकला आहे. फोटो आडवा आहे, त्यात मंदिराबरोबर आवारही घेतले आहे.

मांजराकाठचा
कळसाचे आधी सांगतो. मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि बारा बाय अठरा हे तिनास दोन असे आहे, म्हणून आडव्या फोटोत ४००० बाय ३००० मधून ४००० बाय २६६७ उरते आणि उंचीतले ३३३ पिक्सेल जातात. ते सगळे खालच्या फरशीतून कापावेत, वरून एकही नको.

पट्ट्यांचे कारण वेगळे आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पातळ्या असतात आणि आकाशाचा हळूहळू गडद होत जाणारा निळा त्यांतल्या थोड्याच वापरतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की त्या थोड्या पातळ्या एकमेकींपासून दूर ताणल्या जातात, मधल्या जागा रिकाम्या राहतात आणि डोळ्याला पायऱ्या दिसतात. गिम्पमध्ये फाइल उघडल्याबरोबर प्रिसिजन, म्हणजे रंगाच्या पातळ्या मोजण्याची बारकाई, १६ बिट करावे; २.१० या आवृत्तीपासून ती सोय आहे. हरवलेल्या पातळ्या त्यामुळे परत येणार नाहीत, परंतु पुढच्या प्रत्येक पायरीवर होणारे नुकसान थांबेल. आकाशावर ऑइलिफायही लावू नका, कारण बहुसंख्य पातळी निवडण्याची त्याची पद्धत अशा ठिकाणी पट्टेच तयार करते.

रेशीमपदर
आणि सर्व झाल्यावर फक्त आकाशाच्या भागात अगदी हलके नॉइज घाला. नॉइज काढायला सांगून पुन्हा घालायला सांगते म्हणून हसू नका. रंगीत नको, एकाच रंगाचे हवे, आणि इतके कमी की हात लांब करून धरलेल्या प्रतीत ते दिसू नये. त्या बारीक कणांमुळे पायऱ्यांच्या सीमा मोडतात आणि डोळ्याला सलग आभाळ दिसते. शेवटी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत, नव्वदच्या वरच्या गुणवत्तेत जेपेग काढावे.

पूर्णाकाठ
धन्यवाद. ते करून पाहतो. कळस काठापासून किती आत ठेवू? लॅबवाले म्हणतात, बिनबॉर्डर छापतो.

जुना_डार्करूमवाला
बिनबॉर्डर छपाईत यंत्र कडेचे दोन-तीन मिलिमीटर खाते आणि फ्रेमवाला आणखी पाच मिलिमीटर झाकतो. कळसाच्या टोकावर अर्धा इंच तरी मोकळे आभाळ ठेवा. वर तेवढी जागा नसेल तर बॉर्डर ठेवूनच छापा. लॅबमध्ये पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जा आणि ऑर्डर देतानाच सांगा की ऑटो करेक्शन, म्हणजे यंत्राची आपोआप होणारी दुरुस्ती, बंद ठेवावे; नाहीतर त्यांचे यंत्र आपणहून पुन्हा धार देते आणि काळा दगड आणखी उजळते, मग गेलेली कडा परत आलेली दिसेल.