एटीए ड्रायव्हर: क्यू३५ वर डिस्क सापडत नाही, स्टेटस एफएफ

बूटसेक्टर: स्वतःच्या कर्नलसाठी एटीए डिस्कचा पीआयओ (प्रोसेसरनेच पोर्टमधून डेटा ने-आण करायची पद्धत) ड्रायव्हर लिहितोय. (आकडे हेक्समध्ये.) पोर्ट १एफ६ वर ए० (मास्टर ड्राइव्ह निवडायला), १एफ२ ते १एफ५ वर शून्य, मग १एफ७ वर आयडेंटिफायची (डिस्कची ओळख विचारणारी) कमांड ईसी. क्यूएमू या एम्युलेटरच्या 'पीसी' मशीनवर डिस्क लगेच दिसते. त्याच्याच क्यू३५ मशीनवर १एफ७ वरून वाचलेला स्टेटस एफएफ येतो आणि बीएसवाय ('ड्राइव्ह कामात आहे' सांगणारा बिट) उतरण्याची वाट बघत लूप अडकतो. डिले वाढवून पाहिला, उपयोग नाही.

डीआरक्यू: डिलेचा संबंधच नाही. एफएफ म्हणजे त्या पोर्टवर उत्तर द्यायला कोणीच नाही. त्यात सातवा बिटही १, तोच बीएसवाय, म्हणून लूप संपत नाही. कमांडच्या आधी स्टेटस वाचा. एफएफ असेल तर ते चॅनेल सोडून द्या. लूपला मुदत मात्र हवीच. क्यू३५ वर आयसीएच९ चिपसेटचा एएचसीआय कंट्रोलर (साटा डिस्क मेमरीतल्या रजिस्टरांतून चालवणारा) असतो, जुने आयडीई पोर्ट (वरचे १एफ६ वगैरे) नसतात. खऱ्या मशीनवर बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय असला की बहुधा हेच होतं.

जुनीकेबल: एएचसीआय कंट्रोलरसाठी पीसीआय बसवर क्लास ०१, सबक्लास ०६, प्रोग-आयएफ ०१ शोधा. कमांड रजिस्टरचे बिट १ आणि २ चालू करा. बार५ (कंट्रोलरच्या रजिस्टरांचा पत्ता देणारी पीसीआय नोंद) चे खालचे चार बिट झाकून जो पत्ता येईल तो कॅश बंद ठेवून मॅप करा. हे राहिलं तर पेज फॉल्ट, किंवा त्याहून वाईट, शिळ्या किमती. मग जीएचसी या कंट्रोल रजिस्टरचा बिट ३१ (हा आकडा दशमान) चालू करा आणि ०सी वरच्या पीआय (कोणते पोर्ट आहेत ते सांगणारं रजिस्टर) मध्ये जे बिट १ तेवढेच पोर्ट तपासा. पोर्टचा पत्ता, मॅप केलेल्या पत्त्यापासून, १०० + क्रमांक × ८०. तिथून २८ वर एसएसटीएस, म्हणजे लिंकची स्थिती: खालचे चार बिट ३ असतील तर डिस्क जोडलेली आहे आणि लिंकही जमलीय. १ असेल तर डिस्क आहे, पण लिंक जमलेली नाही.

डीआरक्यू: पीआयओचा कोड टाकून देऊ नका, पण एक दुरुस्ती करा. बी० ने स्लेव्ह (चॅनेलवरचा दुसरा ड्राइव्ह) निवडल्यावर लगेच वाचलेला स्टेटस आधीच्याच ड्राइव्हचा असू शकतो. ४०० नॅनोसेकंद (दशमान) जाऊ द्यायचे, त्यासाठी ३एफ६ (तोच स्टेटस देणारा दुसरा पोर्ट) चार-पाचदा वाचा. १एफ७ नको, त्याने इंटरप्ट पुसला जातो. ईसी नंतर स्टेटस शून्य असेल तर ड्राइव्ह नाही. १एफ४ मध्ये १४ आणि १एफ५ मध्ये ईबी दिसलं तर ती सीडी. तिला ए१ पाठवा.

बूटसेक्टर: ०१/०६/०१ सापडला. पोर्ट ० चा एसएसटीएस ११३, सिग्नेचर (उपकरणाचा प्रकार सांगणारा आकडा) १०१.

जुनीकेबल: म्हणजे साटा डिस्कच. आता कमांड लिस्ट १ केबीला आणि एफआयएसची (डिस्ककडून येणाऱ्या उत्तरांची) जागा २५६ बाइटला (दोन्ही दशमान) अलाइन करा. पत्ते फिजिकल द्या, व्हर्च्युअल नाही.