शॉर्ट सेलच्या घराची किंमत मुद्दाम कमी लावावी का?

मिलपिटासकर
अमेरिकेत एजंटचं काम करणाऱ्या आपल्या मंडळींना कळकळीची विनंती, शॉर्ट सेलचं घर, म्हणजे बँकेच्या संमतीनं कर्जाच्या बाकीपेक्षा कमी पैशांत विकायचं घर, पाडलेल्या भावात बाजारात आणू नका. अशा घरावरचं कर्ज त्याच्या किमतीपेक्षा जास्त असतं, म्हणूनच विकणाऱ्याची सही झाली तरी शेवटचा शब्द बँकेचा. बँक स्वतःचा माणूस पाठवून भाव काढते. समजा, पाच लाख डॉलरचं घर चार लाखांना टाकलं. ऑफर धडाधड येतील, पण बँक पाचाच्या आसपास अडून बसेल. तोवर महिने जातात, गिऱ्हाईक दुसरं घर घेऊन मोकळं होतं आणि घरमालकाच्या डोक्यावर थकलेल्या कर्जापायी होणारा लिलाव तसाच. आसपासच्या ताज्या विक्रीवरूनच भाव लावा. बँकेचा माणूस येईल तेव्हा स्वतः हजर राहा, त्या विक्रीचे कागद आणि दुरुस्तीच्या खर्चाचे अंदाज त्याच्या हातात द्या.

ह्यूस्टनवाली
दादा, टेक्सासात एवढी सवड कुठे आहे? लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आणि विक्रीची नोटीस फक्त २१ दिवस आधी. हातात ऑफर असली की बँकेशी बोलायला काहीतरी असतं. मी भाव कमीच लावते. बँकेनं वरचा आकडा सांगितला तर निदान बोलणी तरी सुरू होतात.

मिलपिटासकर
ताई, नोटिशीपर्यंत थांबायचंच कशाला? राहत्या घरासाठी शॉर्ट सेलसारख्या सवलतीचा पूर्ण अर्ज कर्जकंपनीकडे लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचला, तर त्याचा निकाल लागेपर्यंत मोठ्या कर्जकंपन्यांना लिलाव करता येत नाही. हा केंद्राचा नियम आहे, टेक्सासातही चालतो. अडचणीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न हे सगळं लिस्टिंगच्या, म्हणजे घर विक्रीला लावण्याच्या, दिवशीच गोळा करा.

एडिसनकर
तुम्ही दोघं भावावर अडलात. मला घरमालकाची जास्त काळजी वाटते. कॅलिफोर्नियात २०११ च्या कायद्यानं, मंजूर शॉर्ट सेलनंतर राहिलेली बाकी बँक सहसा मागू शकत नाही, त्याच घरावरच्या दुसऱ्या कर्जाचीही नाही. न्यू जर्सीत तसं संरक्षण नाही. उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडला, असं मंजुरीपत्रात स्पष्ट लिहून घ्या, दोन्ही कर्जदात्यांकडून. माफ झालेली रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते, तेव्हा त्याचा सल्ला सीपीए (करांचे हिशेब पाहणारा लेखापाल) आणि वकिलाकडूनच घ्यायला लावा. आपण त्यात पडू नये.

ह्यूस्टनवाली
३७ दिवसांचं मान्य. भावाचं मात्र अजून पटत नाही. कागद पूर्ण असूनही ऑफरच आली नाही, तर बँकेपुढे ठेवणार काय? मी थोडा कमीच लावीन, पण या किमतीला बँकेची मंजुरी नाही हे लिस्टिंगमध्ये ठळक लिहीन आणि गिऱ्हाइकाची त्यावर सही घेईन.