आयडेंटिटी क्रायसिसला मराठीत काय म्हणायचं : अस्मिता, दुभंग की चोरणं?

माझी भाची इथे नाशकातच एमए मराठी करतेय. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन, "मामा, आयडेंटिटी क्रायसिसला मराठीत काय लिहू? गाईडमध्ये अस्मितासंघर्ष दिलंय, तेच टाकू का?" विषय होता आधुनिक कथा-कादंबरीतला शिकलासवरलेला माणूस आणि त्याच्या मनातली ओढाताण. मी म्हटलं थांब, लगेच लिहू नकोस, आणि तेव्हापासून दोन दिवस माझ्याच डोक्यातून ते जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अस्मिता. अस्मि म्हणजे 'मी आहे', त्याला 'ता' लागून झालेला शब्द, म्हणजे मी-आहे-पणा. पतंजलीच्या योगसूत्रात दुसऱ्या पादात जे पाच क्लेश सांगितलेत, अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश, त्यात ही दुसरी. पाहणारा आणि ज्याच्या साह्याने पाहतो ते, हे दोन्ही एकच आहेत असं वाटणं म्हणजे अस्मिता, आणि तो क्लेश, माणसाला दुःखात पाडणारी गोष्ट. आज आपण मराठी अस्मिता, प्रांतीय अस्मिता म्हणतो तेव्हा त्यात फक्त अभिमान असतो, छाती पुढे काढलेली असते. म्हणून 'अस्मितासंघर्ष' वाचलं की मला दोन गटांचं भांडण, मोर्चा, पाट्यांना काळं फासणं असलंच काहीतरी दिसतं. एकटा माणूस रात्री जागा आहे आणि स्वतःशीच त्याचं पटत नाहीये, हे त्या शब्दातून दिसतच नाही.

ओळख हा शब्द मला आवडतो पण तो इथे पुरत नाही, कारण ओळख समोरच्याकडून मिळते, "आमची ओळख आहे" असं म्हणतो आपण. द्विधा मनःस्थिती तर अगदीच किरकोळ, नोकरी घ्यावी की नाही यालाही द्विधाच म्हणतात. आणि दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व हा शब्द पेपरवाल्यांनी स्किझोफ्रेनियासाठी वापरून वापरून गोंधळ करून ठेवलाय, खरं तर त्या आजाराला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात आणि त्यात एका माणसाची दोन माणसं होत नाहीत, पण वाचणाऱ्याच्या मनात आजार बसला तो बसलाच. कथेतला प्राध्यापक किंवा कारकून आजारी नसतो हो, तो कामावर जातो, डबा खातो, लोकांशी नीट बोलतो, त्रास आत चाललेला असतो.

मूळ इंग्रजी शब्द रूढ केला एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांवर उपचार करताना त्याला दिसलं की कालचा मी आणि आजचा मी एकच आहे हा धागाच काहींच्या हातून सुटलाय. गंमत नाही, पण खुद्द एरिक्सनचं आडनाव लहानपणी वेगळं होतं, सावत्र वडिलांचं, आणि एरिक्सन हे नाव त्याने पुढे अमेरिकेत स्वतः घेतलं.

आता माझं म्हणणं. या गोष्टीसाठी मराठीत शब्द आहे आणि तो आपल्या नाशिकच्याच माणसाने कथेच्या नावात घालून ठेवलाय. बाबुराव बागूल, जन्म १९३० चा, नाशिकरोडजवळच्या विहितगावचा. 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. कथेतला मी रेल्वेत कामाला लागलेला, वाचणारा-लिहिणारा तरुण आहे आणि आपली जात तो आजूबाजूच्यांना कळू देत नाही. बागुलांनी 'लपवली' लिहिलं असतं तरी अर्थ कळला असता. पण त्यांनी चोरली लिहिलं.

चोरणे म्हणजे दुसऱ्याचं उचलणे एवढंच नाही ना मराठीत. आपण अंग चोरून बसतो, नजर चोरतो. दोन्हीकडे वस्तू आपलीच असते! धनी आपण आणि चोरही आपणच. आणि तिसरा वापर गावाकडच्यांना लगेच आठवेल, गाय पान्हा चोरते. आमची आजी धार काढायची तेव्हा मी बाजूला उभा असायचो. तिला ताप आला म्हणून एकदा काकू बसली, तर गाय पाय हलवत राहिली, मान वळवून बघत राहिली, सड ओढून ओढून काकूचे हात दुखले पण चरवीत चार बोटं दूध नाही. आजी घोंगडी पांघरून ओट्यावरून म्हणाली, परका हात कळतो तिला. दूध होतं, आटलं नव्हतं. तिने वर ओढून धरलं होतं.

मला वाटतं शिकलेल्या माणसाचं नेमकं हेच होतं. मी सटाण्याकडचा, घरी अहिराणी. नाशकात कॉलेजला आलो तेव्हा कॉलेजरोडला चहाच्या टपरीवर मित्रांत उभा असताना आईचा फोन यायचा, "कथा शे रे?", म्हणजे कुठे आहेस रे, आणि मी लगेच वीस पावलं लांब जायचो, आवाज खाली, आणि उत्तर पुस्तकी मराठीत द्यायचो. आई दोन मिनिटांत फोन ठेवायची. तिला कळत असणार, आता वाटतं. बागुलांच्या नायकाशी मी बरोबरी करत नाहीये, त्याच्या जिवावर बेतलेलं होतं, त्याला मार खावा लागला, माझी नुसती लाज होती. पण क्रियापद एकच आहे.

त्याच १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर. तो काही चोरत नाही, त्याचा त्रास वेगळ्या शब्दांत दिसतो, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. स्वतःबद्दल बोलताना उदाहरणार्थ म्हणणारा माणूस स्वतःकडे एक नमुना म्हणून बघतोय, आपल्या जागी दुसरं कुणीही चाललं असतं असं. आणि वगैरे म्हटलं की वाक्य ठाम होण्याआधीच सुटून जातं. हे दोन साधे शब्द जे काम करतात ते दहा पानांच्या मनोविश्लेषणाने होणार नाही असं माझं मत. त्यामुळे सगळ्यांना चोरणे लावू नये, पांडुरंगासाठी मी 'तुटलेपण' घेईन.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, पण चोरणेचा विरुद्धार्थी काय? शेवटच्या परिच्छेदाला लागेल." मी म्हटलं पान्हा चोरणेच्या उलट पान्हा सोडणे, वासरू आणून लावलं की गाय सोडते. मग जरा वेळाने तीच म्हणाली, कथेच्या नावात चोरली 'होती' आहे बघ. म्हणजे सांगतोय तेव्हा तो चोरत नाहीये.

हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.