डिफेन्सचा खेळ समजून घ्यायला कुणाची कारकीर्द बघू? (सल्ला हवाय)

कृष्णाकाठचा_कोपरा
नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला येऊन चार वर्षं झाली. थोरला यंदा नववीत गेला आणि शाळेच्या फुटबॉल संघात शिरला. आपला फुटबॉल नव्हे, यांचा, हातात धरायचा. त्याला डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीच्या टोकाला, उभं करतात. गुरुवारी संध्याकाळी मी स्टँडमध्ये बसतो आणि शेजारच्यांनी वाजवल्या की टाळ्या वाजवतो. परतताना गाडीत पोरगं विचारतं, "कसा खेळलो?" मी म्हणतो, "छान." "छान म्हणजे काय?" इथे माझी दांडी गुल.

मी सांगलीला कॉलेजात कबड्डी खेळलोय, डाव्या कोपऱ्यात. नियम समजावणारे व्हिडिओ सुचवू नका, दोन बघितले, दोन्हीत झोप लागली. एखाद्या बचावाच्या खेळाडूची अख्खी कारकीर्दच बघावी म्हणतोय. कुणाला धरू?

टेक्सासी_मिसळ
ह्यूस्टनमध्ये राहून हे विचारताय? जे. जे. वॉट. डोळे मिटून.

मूळचा विस्कॉन्सिनचा. कॉलेजात आधी टाइट एंड होता, म्हणजे ऑफेन्सवाला. तिथे जमेना म्हणून कॉलेज सोडलं, काही काळ पिझ्झा पोचवायचं काम केलं आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय संघात घुसला. 2011च्या ड्राफ्टमध्ये (लीगचे संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात तो) टेक्सन्सनी, म्हणजे आपल्या ह्यूस्टनच्या संघानं, अकराव्या क्रमांकावर घेतला, तेव्हा आपल्याच चाहत्यांनी हुर्यो केली होती.

आता 7 जानेवारी 2012चा सामना शोधा. टेक्सन्सचा इतिहासातला पहिला प्लेऑफ, समोर सिनसिनाटी, धावफलक 10-10, मध्यंतर तोंडावर. त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, ऑफेन्सचा सूत्रधार) अँडी डाल्टन पास टाकतो. वॉट जेमतेम दोन-चार पावलांवर. इतक्या जवळून लोक फार तर हात वर करून बॉल अडवतात. यानं तो झेलला आणि 29 यार्ड पळत शेवटच्या रेषेपार जाऊन टचडाउन केला. सामना 31-10 जिंकला. ती क्लिप हळू गतीनं बघा. आधी क्वार्टरबॅकच्या अंगावर जायची धडपड, मग तो हात उचलतोय हे दिसल्यावर जागीच थबकणं. तुमच्या कबड्डीत चढाईवाल्याच्या पायावर नजर ठेवतात, तसं हे.

पुढच्या मोसमात, 2012ला, 20.5 सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आत मागेच आडवा करणं म्हणजे सॅक; दोघांनी मिळून पाडला तर अर्धा-अर्धा). 2014ला पुन्हा 20.5. त्या मोसमात तर पाच टचडाउनही: तीन टाइट एंड म्हणून झेललेले, एक समोरच्यांचा पास मध्येच झेलून 80 यार्ड पळून, एक सांडलेला बॉल उचलून. 2012, 2014 आणि 2015, तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, मात्र एकदाही नाही. टेक्सन्सच्या चाहत्यांचं हे जुनं दुखणं आहे, उकरू नका.

आणि 2017चं हार्वी वादळ. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. यानं दोन लाख डॉलरचं आवाहन केलं आणि जमले 3 कोटी 70 लाखांहून जास्त. माझं मत निष्पक्ष नाही, कबूल.

जुना_टीव्ही
वॉट ठीक. पण मुळाशी जायचं तर लॉरेन्स टेलर, न्यूयॉर्क जायंट्स, 1981 ते 1993. 1986ला तो अख्ख्या लीगचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू, होता. बचावपटूला तो मान मिळणं म्हणजे गोलंदाजाला ऑरेंज कॅप. त्याच्या धाकानं डावीकडच्या टॅकलचा (क्वार्टरबॅकला राखणारा ऑफेन्सवाला) भाव वाढला, कारण उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ त्या बाजूला असते. 1985ची, याच्या धडकेत थाइजमन या क्वार्टरबॅकचा पाय मोडल्याची क्लिप समोर येईलच, ती बघू नका. मैदानाबाहेरचं त्याचं आयुष्यही पोरापुढे आदर्श म्हणून ठेवू नका.

बुटका_बैल
अॅरन डोनाल्ड! आतल्या फळीतल्या खेळाडूच्या मानानं बुटका, 6 फूट 1 इंच. पहिल्या अर्ध्या सेकंदात हात कुठे जातात तेवढं बघा.

मावशी_डॅलसच्या
कौतुक सगळे करताय, दुखणी कोण सांगणार? वॉटच्या पाठीचं ऑपरेशन 2016ला, पाय मोडला 2017ला, छातीचा स्नायू फाटला 2019ला. 2022ला हृदयाचे ठोके बिघडले म्हणून शॉक देऊन ताळ्यावर आणले आणि तीन दिवसांत बाबा मैदानात! त्या मोसमाअखेर निवृत्त झाला, 114.5 सॅकवर. ज्युनियर सेऊ, तोही बचावपटूच, वीस मोसम खेळला. 2012ला त्यानं स्वतःला संपवलं आणि नंतर त्याच्या मेंदूत वारंवारच्या माराचा आजार सापडला. खेळू द्या हो, माझाही भाचा खेळतो. पण डोकं गरगरलं तर लपवायचं नाही, एवढं लेकाकडून वदवून घ्या. आणि डोकं खाली घालून धडक मारतो का, तेही स्टँडमधून बघा.

टेक्सासी_मिसळ
मावशींना अनुमोदन.
@कृष्णाकाठ, एक युक्ती. बॉलकडे बघूच नका. प्रत्येक प्लेला फक्त आपल्या पोराकडे बघा. डिफेन्सिव्ह एंडचं अर्धं काम कडा राखणं असतं, म्हणजे पळणाऱ्याला बाहेरून निसटू द्यायचं नाही. सॅकच्या हावेनं आत घुसला की कड मोकळी. आणि दोघं मिळून त्याला अडवत असतील, तर सॅक नसला तरी तो चांगला खेळतोय. वॉटला सतत दोघं असायचे, बाकीच्यांना मोकळं रान.

कृष्णाकाठचा_कोपरा
सर्वांचे आभार. मावशी, त्याच रात्री वदवून घेतलं.
सिनसिनाटीची क्लिप अकरा वेळा बघितली, बायको वैतागली. काल बॉलकडे अजिबात बघितलं नाही. गाडीत सांगितलं, "दुसऱ्या क्वार्टरला तू आत घुसलास आणि तो बारा नंबरवाला बाहेरून गेला. कोपरा सोडलास." पोरगं सिग्नल सुटेपर्यंत गप्प. मग म्हणालं, "कोचपण तेच ओरडले." आणि मागे वळून बॅगेतला डबा काढला.