आईचा बँड सापडला... तुमच्या घरी कोणाला या घड्याळाने चालतं केलं?

काल कपाट आवरताना आईचा पावलं मोजणारा जुना मनगटी बँड हाती लागला. पट्टा बकलापाशी चिरलेला, तिथे तिने काळ्या दोऱ्याने घातलेले टाके. चार्जिंगला लावला तर चक्क सुरू झाला. पावलं ०. मी तिथेच फरशीवर बसले.

बाबा गेल्यावर आईने घराबाहेर पडणंच सोडलं होतं. भाजीसुद्धा वॉचमनकडून मागवायची. ताईने बळंच बँड बांधला. पहिल्या दिवशी ९०० पावलं. मग महिन्याभरात रात्री साडेनऊला फोन यायला लागले, "अगं, तीनशे राहिलीत, पॅसेजमध्ये फिरतेय. बोल माझ्याशी." बँड थरथरला की, "झाली गं, ठेव आता." दोन वर्षं रोज. नंतर नंतर तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून यायची.

लिहा तुमचेही अनुभव.

मोगरी: डोळे भरून आले गं. कुकर लावलाय, नंतर येते.

सातारकर: आमचे अण्णा, वय ७४. दहा हजार झाली नाहीत तर जेवायला बसायचे नाहीत, गुडघा सुजला तरी. शेवटी समोर बसून सांगितलं, हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून तो चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्कर बायकांचा अभ्यास आला, त्यात साधारण ७,५०० च्या पुढे आयुष्याच्या दृष्टीने जास्तीचा फायदा दिसला नाही. दिवसाला ४,४०० चालणाऱ्यासुद्धा २,७०० वालींपेक्षा बऱ्याच बऱ्या. आता साडेसहा हजारांवर तह झालाय. गुडघाही बरा आहे.

रानजाई: पोळ्या लाटताना माझी दीडशे पावलं होतात आणि सुपरमार्केटात तासभर ट्रॉली ढकलली तर काहीच नाही!

अनामिक_७: हाताची हालचाल मोजतं ना ते. ट्रॉली धरली की हात स्थिर. बाबागाडी ढकलताना मी मोज्यात खोचायचे, बरोबर मोजायचं.

रानजाई: मोज्यात! उद्याच करते.

काउंटर नं. ४: बँकेत आहे. दर तासाला 'उठा' म्हणून मनगटाला टोचतं. आधी रांग सोडून कसं उठणार वाटायचं. आता पाणी प्यायला लांबच्या कूलरपर्यंत जातो. शेजारचे दोघे पण येतात, कंबर तिघांचीही धरायची. घाईत लिहितोय, लंच संपला.

निळाई: मला नाही जमलं. बाळंतपणानंतर नवऱ्याने हौसेने घेऊन दिला, पण रात्रभर जागून सकाळी 'झोप कमी झाली' हे वाचलं की रडू यायचं. काढून ठेवला. बाळ वर्षाचं झाल्यावर परत बांधला, आता आवडतो.

मोगरी: आले परत. निळाई, मिठी तुला. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. धागाकर्ती, त्या टाक्यांचा फोटो टाक ना.

धागाकर्ती: फोटो नाही गं, हातात आहे. मीच बांधलाय सकाळी. ३,१०० झालीत. ताईला कळवलं तर म्हणाली, रात्री साडेनऊला फोन कर.

सातारकर: पुण्यातल्यांनो, रविवारी अण्णांना तळजाईला न्यायचंय. सकाळी सहाला पार्किंग मिळतं का?