घरगुती मैफल: 2 बीएचकेमध्ये साउंड लागेल का?

घोडबंदरकर: हॉल 12 बाय 18 फूट. गायिका, पेटी, तबला. 30 जण बोलवायचेत. साउंडवाला दोन मोठे स्पीकर आणतो म्हणतोय. घ्यावेत का?

षड्ज_पंचम: अजिबात नको. एवढ्या खोलीत तबल्याला माइक लावला तर गाणं बुडतं. माइक फक्त गायिकेला, स्पीकर एकच छोटा. तो माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. स्पीकरचं तोंड माइककडे झालं की शिट्टी वाजणारच. मिक्सर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून जोडा, वेगवेगळ्या सॉकेटवर घुरघुर येऊ शकते. पडदे ओढा, सतरंज्या अंथरा. नुसत्या टाइल्सवर आवाज घुमतो.

आणि 30 जरा जास्तच. मांडी घालून बसायला माणशी 6 चौरस फूट, कलाकारांना 6 बाय 6. सोफा बाहेर काढलात तरच जमेल!

ठेका: एसी तासभर आधी लावा आणि मग तेच तापमान ठेवा. दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून सूर उतरतो, कोरड्या हवेत चढतो. मध्येच एसी बंद केलात तर तबलजी हातोडी घेऊनच बसेल. झोत तबल्यावर नको.

वाशी_सेक्टर17: 7 ला सुरू करा, म्हणजे 9:45 ला भैरवी. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्र 10 ला सुरू होते. निवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. सोसायटीला आधी लेखी कळवा, पाहुण्यांच्या गाड्यांची संख्याही त्यातच. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमंत्रणच द्या.

घोडबंदरकर: 25 वर आणतो. काकू धरून.