जॉनी डॉलर: पाच भागांची गोष्ट की अर्ध्या तासाची?

रातवा
‘युअर्स ट्रुली, जॉनी डॉलर’ ही सीबीएस या अमेरिकी रेडिओ कंपनीची नभोनाट्य मालिका १९४९ ते १९६२ चालली. नायक हार्टफर्डचा खासगी गुप्तहेर, विमा कंपन्यांसाठी संशयास्पद दाव्यांचा छडा लावणारा. भूमिका एकामागून एक सहा नटांनी केली. माझं ठाम मत आहे की ऑक्टोबर १९५५ ते नोव्हेंबर १९५६ एवढ्या काळातली मालिकाच अस्सल.

तेव्हा बॉब बेली नायक झाला, दिग्दर्शन जॅक जॉनस्टोनकडे आलं आणि एकेक प्रकरण सोमवार ते शुक्रवार, रोज पंधरा मिनिटं रंगायला लागलं. साक्षीदार दार उघडतो, बेली एक प्रश्न विचारून गप्प बसतो. समोरचा घुटमळतो, काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. ते खोटं होतं हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं, आणि मधली अख्खी रात्र आपण त्या माणसावर विश्वास ठेवलेला असतो! पुढे आठवड्याला अर्ध्या तासाचा एकच भाग उरला. नट तोच, पण सगळं उरकल्यासारखं वाटतं.

सुमेधा
अजिबात पटलं नाही. रोज सुरुवातीला मागच्या भागाची उजळणी, शेवटी नवा धक्का. बुधवारपर्यंत गोष्ट जागची हलत नाही. ‘फँटम चेस’ तर नऊ भागांचं, मी दोनदा सोडून दिलं.

या मालिकेचं खरं बळ खर्चाच्या हिशेबात आहे. अख्खी गोष्ट म्हणजे जॉनीने विमा कंपनीला पाठवलेलं बिल. ‘बाब पहिली’ म्हणून तो हार्टफर्डहून निघालेल्या विमानाचं भाडं सांगतो आणि एका वाक्यात आपण दुसऱ्या शहरात. इतकं काटकसरीचं साधन हातात असताना पाच दिवस कशाला हवेत?

रातवा
सुमेधा, तुम्ही पाचही भाग एका बैठकीत ऐकता, म्हणून उजळणी खुपते. एका रात्री एकच ऐकून बघा. ते लिहिलेत तसेच.

वाटसरू
मी अठरा वर्षं विमा दाव्यांच्या तपासणीचं काम केलंय. एकदा अपघाती मृत्यूच्या दाव्यासाठी एका घरी गेलो होतो. बाईंनी चहा केला, नवऱ्याची चप्पल अजून दाराशीच होती. रात्री लॉजवर बसून व्हाउचर भरलं: रिक्षा, चाळीस रुपये. त्या घरातलं बाकी काहीच त्या कागदावर मावत नव्हतं. बेली कुणाच्या मृत्यूनंतर त्याच सुरात टॅक्सीचं भाडं वाचतो, तेव्हा मला ती चप्पल दिसते.

म्हणून हिशेबाबद्दल सुमेधाताईंशी सहमत. पण तो रुपया-पैशाचा आकडा लागायचा असेल, तर आधी माणसाची नीट ओळख व्हायला हवी. तिथे मी रातवांच्या बाजूने.

अंतू
तुम्ही सगळे बेलीपाशीच थांबलात याचं वाईट वाटतं. १९६० च्या शेवटी निर्मिती हॉलिवूडहून न्यूयॉर्कला गेली आणि बेली मागे राहिला. काही महिने बॉब रेडिक, मग शेवटपर्यंत मँडेल क्रेमर. क्रेमरचा जॉनी सैल, मोकळा, समोरच्याला बोलतं करणारा. तो धाक घालत नाही, म्हणून लोक त्याच्यापाशी चुकून खरं बोलून जातात. अर्ध्या तासातही संवादाला उसंत देता येते, हे त्याने दाखवलं. ३० सप्टेंबर १९६२ ला मालिका संपली. त्याच संध्याकाळी ‘सस्पेन्स’ ही दुसरी नभोनाट्य मालिकाही बंद झाली, आणि अमेरिकी नभोनाट्याचा सुवर्णकाळ तिथे संपला असं मानतात. त्या दिवसापर्यंत किल्ला लढवणाऱ्या नटाला ‘उरकणारा’ म्हणू नये.

रातवा
अंतू, ‘उरकणं’ मी बेलीच्या नंतरच्या भागांबद्दल म्हटलं होतं. पण क्रेमरचे मी दोनच भाग ऐकलेत, तेव्हा त्याच्याबद्दलचा शब्द मागे. पाच भागांबद्दलचा नाही.

सुमेधा
ठीक. आजपासून रोज एकच भाग, ‘मॅकॉरमॅक’ या पहिल्या पाच भागांच्या प्रकरणापासून. शुक्रवारी इथेच लिहिते.